थिएटर वाचवायचे की पिटातली खुर्ची?

एखादे जुने थिएटर बंद पडले, किंवा बंद पडणार अशी नुसती आवई उठली, की रविवारच्या पुरवण्यांत एक ठरावीक लेख छापून येतो. कॉलेज बुडवून पाहिलेला पहिला सिनेमा, इंटरवलचा सामोसा, बाल्कनीतली कुरकुरणारी खुर्ची, डोअरकीपरचा टॉर्च. आणि शेवटाकडे हमखास एक वाक्य : त्या अंधारात कुणी गरीब नव्हता, कुणी श्रीमंत नव्हता, कुणाला जात नव्हती. आमचे भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. सामोशाशी नाही.

या लेखांचे सगळ्यात लाडके थिएटर म्हणजे मुंबई सेंट्रलचे मराठा मंदिर. १९५८ साली सुरू झालेले. १९६० मध्ये इथेच 'मुघल-ए-आझम'चा पहिला खेळ झाला, आणि त्या गर्दीच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. ऑक्टोबर १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' लागला तो उतरलाच नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एक हजार आठवडे झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये खेळ बंद करतो म्हणून व्यवस्थापनाने जाहीर केले, तर लोकांनी एवढा ओरडा केला की काही दिवसांत पुन्हा सुरू करावा लागला. कोरोनात मार्च २०२० पासून पडदा काळा होता, नोव्हेंबरात पुन्हा 'डीडीएलजे'च. देशोदेशीचे पत्रकार इथे येऊन गेले आणि बहुतेकांनी एकच लिहिले : प्रेम अमर आहे.

ठीक आहे, असेल. पण सकाळी साडेअकराच्या मॅटिनीला त्या स्टॉलमध्ये बसलेला माणूस कोण होता? त्याच पत्रकारांनी जाताजाता टिपले आहे. टॅक्सीवाले, हमाल, बिगारी, एसटीची किंवा रेल्वेची वाट पाहणारे प्रवासी, जवळच्या कामाठीपुऱ्यातल्या बाया. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली ज्या गल्ल्यांतून आला, त्या गल्ल्या या थिएटरपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. ज्यांच्याबद्दल 'गोलपिठा' आहे तेच लोक त्या खुर्च्यांवर बसत होते. मग त्यांना या थिएटरबद्दल काय वाटते, हे त्यांना कुणी विचारले का? त्यांच्याकडून फक्त 'शाहरुख आवडतो' एवढे वदवून घेतले आणि कॅमेरा बंद केला.

म्हणून आम्ही आपल्याकडे विचारले. बुलडाणा जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक भीमनगरात मुंबईत राबून परत आलेली माणसे आहेत. १९७२ च्या दुष्काळात गेलेली आहेत, गिरण्या बंद पडल्यावर परतलेली आहेत, आणि सहा डिसेंबरला मलकापूर, नांदुरा, शेगाव स्टेशनांवरून गच्च भरलेल्या डब्यात लोंबकळत दादरला जाऊन येणारे तर आपण सगळेच. त्यांना साधा प्रश्न विचारला : मराठा मंदिरात गेला होता का, आणि काय आठवते?

एक आजोबा मस्जिद बंदरला हमाली करत. त्यांना सिनेमाचे नाव आठवत नाही, नायिका आठवत नाही. आठवते ती तिकीटखिडकी. जाळीतून त्यांनी पैसे आत सरकवले, आतल्या माणसाने मान वर न करता तिकीट आणि सुटे पैसे बाहेर सरकवले. बस्स, एवढेच. हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितले, आणि दुसऱ्यांदा सांगताना तळहात पुढे करून दाखवला. त्यांच्या गावात दुकानदार सुटे पैसे वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. मुंबईत त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एरवी आपण याला उद्धटपणा म्हणू. आजोबांना ती मोकळीक वाटली. "तथी कोनी इचारे नाई, तू कोनाचा हायेस म्हनून," ते म्हणाले.

दुसरी एक आत्या. मुंबईत साफसफाईच्या कामावर होती, पाळी संपली की कधीमधी मॅटिनीला जाऊन बसायची. सिनेमा पाहायला? छे. झोपायला. थंड हवा, पाठ टेकायला खुर्ची, आणि तीन तास 'अगं ए' म्हणून हाक मारणारे कुणी नाही. खोलीवर सात माणसे आणि कामावर मुकादम, मधल्या त्या तीन तासांचे ती तिकीट काढत होती. तिच्यासारख्या बाईला पैसे देऊन विसावा विकत घेता येईल अशी दुसरी जागा त्या शहरात कुठली होती, हे पुरवणीतल्या लेखकांनी सांगावे.

तिसरा आमच्यातलाच, स्पर्धा परीक्षेसाठी गेला होता तेव्हा मित्रांबरोबर 'डीडीएलजे' पाहून आला. थिएटर त्याला आवडले, सिनेमा मुळीच नाही. त्याचा आक्षेप आम्हाला इतका पटला की इथे थोडे थांबणे भाग आहे.

त्या सिनेमाचा नायक मुलीला पळवून न्यायला नकार देतो. मुलगी तयार आहे, तिची आई दागिने हातात देऊन जा म्हणते, पण हा म्हणतो बापाने हात सोडला तरच. शेवटी बाप हात सोडतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. म्हणजे तीस वर्षे रोज सकाळी त्या पडद्यावर हेच सांगितले जात आहे की लग्न बापाच्या मर्जीने व्हावे. आणि नायक-नायिका दोघे त्याच पंजाबी खात्यापित्या घरांतले, म्हणजे बापाला अडचण तरी किती? बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे दाखवून दिले. मुलीचा हात कुणाच्या हातात द्यायचा हे बापाने ठरवणे, हीच ती यंत्रणा. 'डीडीएलजे' ती यंत्रणा मोडत नाही. तिला तेलपाणी करतो, वर मोहरीच्या शेतात गाणे म्हणतो.

याच महाराष्ट्रात २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला. त्यातली मुलगी बापाच्या परवानगीसाठी थांबत नाही. तिचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मुलांनी गाण्यांवर खुर्च्यांवर उभे राहून नाच केला आणि शेवटाला अख्खे थिएटर मुके होऊन बाहेर पडले. त्या शांततेवर किती पुरवण्या निघाल्या? उलट मुले बिघडतील म्हणून अग्रलेखी सूर लागले. एका सिनेमाला अमर प्रेम म्हणायचे आणि दुसऱ्याला बिघडवणारा, हा निवाडा कुणाच्या बाल्कनीत बसून दिला जातो हे वेगळे सांगायला नको.

आता 'अंधारात जात नसते' या वाक्याकडे येऊ. मुंबईपुरते ते अर्धे खरे आहे. आजोबांची साक्ष त्या अर्ध्या सत्याचीच आहे. पण त्याचे श्रेय अंधाराला का द्यायचे? ते श्रेय गर्दीचे आणि अनोळखीपणाचे. गाव म्हणजे संकुचितपणाचे डबके, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले होते, आणि शहराकडे चला हे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले त्यामागेही हेच होते. जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, तिथे तुम्ही पहिल्यांदा नुसते माणूस असता. मराठा मंदिराच्या नावात जात आहे आणि मंदिरही आहे, दोन्ही आपल्याला नको असलेल्या गोष्टी. तरी तिथे आपला माणूस सहज आत गेला. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० पासून पुढची काही वर्षे सत्याग्रह करूनही जे दार उघडले नाही, ते इथे काही आण्यांत, पुढे काही रुपयांत उघडत होते.

तालुक्याच्या थिएटरात हे अर्धे सत्यही उरत नाही. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठलेही घ्या. इथे अंधारातही लोक एकमेकांना खोकल्यावरून ओळखतात. सैलानीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तिथे सगळेच मातीवर बसायचे, पण आपली माणसे एका कडेला बसायची. कुणी बसवायचे नाही, आपोआप बसायची. आणि पक्क्या थिएटरात? आमच्या वडिलांच्या पिढीतले एक काका सांगतात की कापसाचे पैसे हातात होते म्हणून एकदा त्यांनी बाल्कनीचे तिकीट काढले. मागच्या रांगेत गावच्या पाटलाचा पोरगा होता. तो थिएटरात काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शेतावर हसत हसत विचारले, काय, बाल्कनीत बसायला लागला काय? त्या हंगामात काकांना त्या शेतावर पुन्हा काम मिळाले नाही. थिएटरच्या मालकाने काही केले नाही, डोअरकीपरने काही केले नाही. तिकिटावर जात छापलेली नव्हती. तरी त्यानंतर काका कायम पुढच्या बाकावरच बसले, आणि त्यांच्या मुलांनाही पुढचीच सवय लागली. याला स्मरणरंजनवाले म्हणतात 'पिटातले दिलखुलास पब्लिक'. शिट्ट्या मारणारे, पैसे उधळणारे, भाबडे. पिटात बसणे ही आमच्या माणसाची हौस होती, असे यांना खरेच वाटते की काय!

गंमत पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेत आणि कॅनडाच्या काही भागांत काळ्यांना बाल्कनीत पाठवत. खाली, पडद्यासमोरच्या चांगल्या जागा गोऱ्यांच्या. कॅनडातल्या न्यू ग्लासगो या गावी ८ नोव्हेंबर १९४६ ला व्हायोला डेस्मंड नावाची काळी व्यावसायिक बाई रोझलँड थिएटरात खालच्या जागेवर जाऊन बसली. खालचे तिकीट तिने मागितले होते, पण ते तिला विकलेच नाही. उठ म्हटले, उठली नाही. पोलिसांनी ओढून नेले, रात्रभर कोठडीत ठेवले. गुन्हा काय नोंदवला? खालच्या आणि वरच्या तिकिटावरच्या करातला एका सेंटचा फरक तिने भरला नाही! वंशाचा उल्लेख कागदावर कुठेच नाही. सगळे काही तिकिटाच्या भाषेत. २०१० मध्ये तिला मरणोत्तर माफी मिळाली आणि २०१८ पासून कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे. तिकडे वर बसवणे हा अपमान, इकडे खाली बसवणे हा अपमान. तेव्हा वर-खाली यात काही नाही. जागा कुणी ठरवायची, यात सगळे आहे. पँथरांनी १९७२ मध्ये काळ्यांच्या लढ्याशी नाते जोडले ते उगाच नाही.

आणि ज्यांना पडद्यावर जागा मिळाली त्यांचे काय झाले? मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी ही दलित बाई. 'विगतकुमारन' या मूकपटात तिने नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरमला खेळ लागला तेव्हा तिला स्वतःला थिएटरात येऊ दिले नाही, पडद्यावर दगड पडले, तिचे घर जाळले आणि तिला गाव सोडून पळावे लागले. सिनेमा पडद्यावर आणि नायिका दाराबाहेर. सांगा बरे, त्या अंधारात जात नव्हती?

संविधान लिहिणाऱ्यांना हे सगळे ठाऊक होते. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम आपण विहिरी, तलाव आणि रस्त्यांसाठी पाठ करतो. त्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या रांगेत सार्वजनिक करमणुकीची स्थाने हे शब्दही आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ ला त्या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी मुद्दाम रुंद करून सांगितला, न्हाव्याचे आणि धोब्याचे दुकानही त्यात येते हे बजावले. पुढे १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, करमणुकीच्या जागी अस्पृश्यतेपोटी अडवणे हा गुन्हा ठरवला. म्हणजे सिनेमाचे थिएटर हा आपल्या राज्यघटनेत चैनीचा विषय नाही, तो नागरिकत्वाचा विषय आहे. चवदार तळ्यावर १९२७ मध्ये आपण पाणी प्यायलो ते तहान लागली म्हणून नव्हे, हे बाबासाहेबांनीच सांगितले आहे. खुर्चीचेही तेच.

आपल्याच चळवळीतल्या काही मंडळींना हे पटत नाही. सिनेमा म्हणजे मानसिक गुलामी, पोरांनी त्यापेक्षा ग्रंथालयात बसावे, असे शिबिरांतून ऐकवले जाते. ग्रंथालय हवेच. पण हेच कार्यकर्ते 'जय भीम' मोबाईलवर पाहून रात्री दोन वाजता ग्रुपवर रडके चेहरे टाकतात! मोबाईलवर एकटे पाहिलेला सिनेमा आणि पाचशे लोकांत पाहिलेला सिनेमा यांत फरक आहे. 'झुंड'मध्ये भीमजयंतीची मिरवणूक मोठ्या पडद्यावर आली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर अमिताभ बच्चन हात जोडून उभा राहिला, तेव्हा शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ते पाहावे लागले. आपले घरात कुणीही पाहू देते. तेच चारचौघांत पाहणे म्हणजे सार्वजनिक जागेवर हक्क सांगणे.

आता तो हक्क कसा काढून घेतला जात आहे ते पाहा. जात कुणीच विचारत नाही, त्याची गरजच उरलेली नाही. मल्टिप्लेक्समध्ये पीट नाही, म्हणजे पिटातला माणूसही नाही. तिकीट ॲपवर, ॲप इंग्रजीत, दर मागणीनुसार वर चढणारे, पाण्याची बाटली आत नेता येत नाही आणि आतली बाटली रोजंदाराच्या तासाभराच्या मजुरीएवढी. मॉलच्या दारातला सुरक्षारक्षक, बहुतेक वेळा आपलाच भाऊ, कपड्यांकडे आणि चपलांकडे बघतो. मस्जिद बंदरच्या आजोबांना मान वर न करता तिकीट मिळाले होते. त्यांच्या नातवाला नखशिखान्त पाहून घेतात.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के आहे. म्हणजे स्वस्त तिकीट ही वेगळी गोष्ट आहे हे कायद्यालाही मान्य. पण शंभराच्या आतले तिकीट ठेवलेच पाहिजे असे मल्टिप्लेक्सला कोण सांगणार? तामिळनाडूत तिकिटाची कमाल मर्यादा सरकार ठरवते. कर्नाटकने सप्टेंबर २०२५ मध्ये दोनशे रुपयांची मर्यादा घातली, तर मल्टिप्लेक्सवाले उच्च न्यायालयात गेले आणि अंतरिम स्थगिती घेऊन आले. निदान भांडण तरी झाले. आपल्याकडे चित्रपटावरची चर्चा 'टॅक्स फ्री करा' या मागणीपलीकडे जात नाही.

'फुले' सिनेमाचेच घ्या. जोतिबांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ ला तो येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने जातिवाचक शब्दांवर कात्री चालवायला सांगितली, आणि तो २५ एप्रिलला आला. आम्ही निषेधाची निवेदने दिली, फोटो काढले. मग सिनेमा पाहायचा म्हटले तर आमच्या तालुक्यात तो कुठे लागलाच नाही. गाडी ठरवून अकोल्याला गेलो. तिकीट, डिझेल आणि रस्त्यातला चहा धरून माणशी साडेतीनशेच्या वर गेले. ज्या आयाबहिणींना सावित्रीमाई दाखवायची होती, त्यांच्यातल्या अर्ध्या एका दिवसाची मजुरी बुडते म्हणून आल्याच नाहीत. सेन्सॉरने कापलेल्या शब्दांबद्दल आपण महिनाभर बोललो. गाडीत न बसलेल्या त्या बायांबद्दल कुणी एक पोस्टसुद्धा टाकली नाही. कात्री दोन्हीकडे चालली होती. एकीचा आवाज झाला, दुसरीचा झाला नाही.

तेव्हा मराठा मंदिर वाचवा म्हणून उद्या पुन्हा मोहीम निघाली तर आपण सामील व्हावे का? जरूर व्हावे, पण आपल्या अटीवर. वारसा म्हणून दर्शनी भाग रंगवून ठेवायचा आणि आत तिकीट चारशेचे करायचे, याला आमचा पाठिंबा नाही. मुंबईत अशी जुनी चित्रगृहे नवी करून महागडी झालेली आपण पाहतोच आहोत. वाचवायचा तो स्टॉलचा दर. हमालाला, सफाई कामगाराला, एसटीची वाट पाहणाऱ्या बुलडाण्याच्या म्हाताऱ्याला परवडणारे तिकीट राहत असेल तर ती इमारत आमची. नसेल तर तिचे लेख पुरवणीवाल्यांनी लिहावेत.

आणि आपल्या जिल्ह्यात? प्रत्येक तालुक्यात सामाजिक न्यायाच्या निधीतून, आमदार निधीतून सभागृहे उभी आहेत. वर्षातून चौदा एप्रिलला आणि लग्नसराईत उघडतात, बाकी कुलूप. तिथे एक प्रोजेक्टर, एक पडदा, बरा स्पीकर आणि महिन्यातून दोन खेळ, हे मागायला कुठल्या नव्या धोरणाची गरज नाही. नगर परिषदेला आणि समाज कल्याण कार्यालयाला आम्ही तसे अर्ज दिले आहेत. आपापल्या तालुक्यात तुम्हीही द्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा.

आमचा पहिला खेळ 'फँड्री'चा ठरवला आहे. हक्कदारांना परवानगीसाठी पत्र पाठवले आहे, उत्तर आले की तारीख कळवू. तिकीट दहा रुपये. फुकट ठेवा, असे बैठकीत पुष्कळांनी सुचवले, पण मस्जिद बंदरच्या आजोबांनी नाही म्हटले. खिडकीवर त्यांना स्वतःला बसायचे आहे. जागा आगाऊ राखून ठेवल्या जाणार नाहीत, पाहुण्यांसाठीही नाही, पुढाऱ्यांसाठी तर अजिबात नाही. सतरंज्या कमी आहेत, शक्य असेल त्यांनी घरून आणाव्यात.

जय भीम!